सगुणाबाई वाचतात

७ जाने. अमरावती
आमच्या प्रौढशिक्षण संघाची पहिली सभा रविवारी अकोल्यास. प्रौढांचे वर्ग चालवणारे वऱ्हाडभरचे मास्तर येणार. मंचावर एखाद्या शिकलेल्या प्रौढानं वाचून दाखवावं, असं ठरलं. मीच छाती फुगवून म्हटलं, माझ्या वलगावच्या वर्गातल्या सगुणाबाई! भाजी पिकवतात, विकतात. आवाज खणखणीत.

११ जाने.
गाडीत बाईंना सरावाला बसवलं. मूर्तिजापुराजवळ वाऱ्यानं पान उलटलं. बाई वाचतच राहिल्या, मागचाच धडा, एक शब्द न चुकता. वर्गात सगळ्यांना एका सुरात म्हणायला लावतो, त्यात पुस्तक तोंडपाठ झालेलं. अक्षर एक ओळखत नाहीत! आणि त्यांना वाटतं, यालाच वाचणं म्हणतात. आता खरं ते त्यांना सांगायचं मी.
अकोला येईतो पान सरळ धरून बसलो.

१२ जाने. अकोला
टाळ्याच टाळ्या. नागपूरचे शिक्षणखात्याचे साहेब उठून उभे राहिले. संघ स्थापन. चिटणीस अस्मादिक. हार घालून घेताना मान वर होईना.
बाई म्हणाल्या, 'मास्तर, माया बापानं पाह्यलं असतं न जी!'

२० जाने.
संघाचा पहिला ठराव. बायांचा वर्ग बाईनंच घ्यावा, पहिला वलगावात, शिकवणार सगुणाबाई. चिटणीस म्हणून खाली सही माझी. करून बसलो.
घरी सौ. कडाडली, 'गावात हसं होईन त्या बाईचं. आत्ता जा न सांगा तिले.'
उद्या जातो.

२१ जाने.
गेलो नाही. थंडी फार... हॅ, थंडी कसली! भ्यालो.

२४ जाने.
बाजार उरकून बाईच दारात. वर्गासाठी नवं लुगडं घेतलं म्हणे. रिकाम्या टोपलीतून फडकं काढलं, त्यात संघानं पाठवलेलं दुसरं पुस्तक.
'मास्तर, पयलं पुस्तक कसं भडाभडा बोले. हे काहून बोलून नाही राहिलं? छापणाऱ्याचं काई चुकलं काय?'
ओठांवर आलं होतं. देवाशप्पथ आलं होतं.
म्हणालो, 'हो. छपाई खराब आहे. दुसरं आणून देतो.'
बाईंचा चेहरा उजळला. 'मले वाटे, माहीच अक्कल गेली.' पुस्तक नि मेथीची जुडी ठेवून गेल्या. पायरीवरून वळून म्हणाल्या, 'बाया येऊन राहिल्या रविवारी. लवकर आणा जी.'
सौ. आतून ऐकत होती. मेथीला हात लावत नाही. पुस्तक माझ्यापुढं पडलंय, छपाई स्वच्छ, ठसठशीत.
रविवार परवा आहे.