पहिल्या थरातला वानप्रस्थ

१० जुलै, गुरुपौर्णिमा
दादरच्या मठात प्रवचन ऐकलं. बुवा म्हणाले, वय वाढतं तसं एकेक गोष्ट हसत देवाच्या हाती सोपवावी. पटलं. पन्नाशी आली. गोविंदा पथकातली माझी पहिल्या थरातली जागा यंदा सोडायची. आनंदाने, श्रद्धेने.
संध्याकाळी घोडपदेवला नारळ फुटला, सराव सुरू झाला. आजच सांगणार होतो. पण शुभ दिवशी नकार नको. उभा राहिलो.

१२ जुलै
गुडघा बोलतोय. तेल चोळताना रुपालीने विचारलं, जागा सोडणार होतात ना? मी म्हटलं, मनाने सोडलीय, उभं राहतं ते फक्त शरीर. ती म्हणाली, मग तेलही मनानेच चोळा. बायकांना अध्यात्म उशिरा कळतं.

१५ जुलै
रे रोडला आमच्या लाकडाच्या वखारीत हिशेब कॉम्प्युटरवर गेला. आमचा हिशेबनीस शरच्चंद्र सकाळपासून कुरकुरत होता. त्याला समजावलं, बदल प्रसादासारखा दोन्ही हातांनी घ्यावा. तो म्हणाला, मग तुम्हीच बसा. बसलो नाही. त्याच्या प्रगतीच्या आड का यावं?

२० जुलै
पथक रमाकांत चालवतो. माझ्याच वयाचा. कधीच खाली उतरून गळ्यात शिटी अडकवून बसलाय. आज म्हणाला, तुझा पोरगा सिद्धांत आता दुसऱ्या थराला जड होतो, त्याला पहिल्यात घेऊ. मी म्हटलं, जरूर, तरुणांना संधी मिळालीच पाहिजे.
"जागा एकच आहे रे," तो म्हणाला. "तुझी."
देवाला विचारून सांगतो म्हटलं.

२१ जुलै, पहाटे
गावी करतात तसा कौल लावला. देवाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जागा सोडायची, डावी पडली तर राहायचं. उजवी पडली. पंखा चालू होता. बंद करून पुन्हा लावला. उजवीच. तिला पाणी कमी लागलं असणार. तिसऱ्यांदा उजवी नीट दाबून बसवली. बऱ्याच वेळाने डावी पडली.
देवाची इच्छा. माझा नाइलाज आहे.

३ ऑगस्ट
सरावात चौथा थर चढताना गुडघा वाकला. सगळे खाली. कुणाला फारसं लागलं नाही. फरशी निसरडी होती, हे मी सर्वांना सांगितलं. कुणी वाद घातला नाही, म्हणजे पटलं असावं.
रात्री सिद्धांत डाव्या हाताने जेवत होता. उजवं मनगट सुजलंय. दुसऱ्या थरातून त्याला उतरवलंय; माझ्या मागे उभा राहून त्याने माझा भार घेतला होता.
रुपाली म्हणाली, "रोज मागे उभा राहतो तो. तुम्ही पडाल म्हणून."
मी म्हटलं, मुलाने बापाच्या मागे उभं राहावं, हे संस्कार आहेत. भात संपवला.

१० ऑगस्ट
सराव बुडवला. वखारीत काम होतं. म्हणजे काढलं. सिद्धांतच्या मनगटाची सूज उतरलीय.

१५ ऑगस्ट
ठरलं. उद्या आरतीनंतर सर्वांसमोर त्याग जाहीर करणार. चार वाक्यं तयार आहेत. शेवटच्या वाक्याला आवाज थोडा भरून आला पाहिजे.

१६ ऑगस्ट, दहीहंडी
आरती झाली. मी पुढे होऊन पहिलं वाक्य म्हटलं, की आजपासून माझी जागा मी सिद्धांतला देत आहे.
रमाकांत म्हणाला, "मंगळवारीच दिली रे त्याला, तू येत नव्हतास. ही सगळ्यांच्या मोबाइलची पिशवी धर."
उरलेली तीन वाक्यं राहिली.
लालबागला थर लावले. माझ्या काळात सहा लागायचे. आज सात लागले. हवा चांगली होती.
सिद्धांत गर्दीतून आला, पाया पडला. त्याने विचारलं, "बाबा, कसं झालं?" मी म्हटलं, डावी टाच जरा उचलली होतीस. पुढच्या वर्षी सांभाळतो म्हणाला, अगदी मनापासून.
टाच मला दिसलीच नव्हती. थर लागत असताना मी डोळे मिटून उभा होतो. तेव्हा देवाकडे जे मागत होतो ते त्याने ऐकलं नाही, हे बरं झालं.