प्रमोदसाठी पुस्तक शोधताना

प्रिय वैशाली बेटा,

काल संध्याकाळी प्रमोदनं माझ्याजवळ पुस्तक मागितलं. हो, तुझ्याच नवऱ्यानं! लग्न झाल्यापासून ज्याला तू एक पान वाचायला लावू शकली नाहीस, त्यानं. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. तुला कळवल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसलो.

तू गेलीस त्याला वर्ष होत आलं. साध्या तापाचं निमित्त. दवाखान्यात जाताना दारातून वळून म्हणालीस, "मामाजी, दोन दिवसांत येते." असं खोटं बोलतात काय वं सासऱ्याशी?

मी काटोल सोडून शहरात, हुडकेश्वरला तुमच्याकडे राहायला आलो, ते दिवस तुला आठवत असतील. गुडघ्यानं दगा दिला, संत्र्याची बाग पुतण्याच्या हाती दिली आणि मी तुमच्या बाल्कनीत येऊन बसलो. पेपर चहासोबतच संपायचा. पुढचा दिवस कसा काढायचा? समोरच्या रस्त्यावरच्या गाड्या पाहत बसायचो.

एक दिवस तू ऑफिसातून आलीस, हेल्मेट टेबलावर ठेवलंस आणि विचारलंस, "मामाजी, तुम्हाला वाचायला काय आवडतं?"

"मले काहीच नाही आवडत."

दुसरी कोणी असती तर गप्प बसली असती. तू म्हणालीस, "बरं. मग कोणी न विचारता तुम्ही लोकांना काय सांगत बसता?"

मी विचारात पडलो. सांगतो काय मी? झाडाला कोणता रोग कशानं लागतो ते. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून कोणाचं कोणाशी वाजलं ते. तू हसून म्हणालीस, "सापडलं!" आणि आत गेलीस.

तरी पहिलं पुस्तक फसलंच. केवढी जाड कादंबरी आणली होतीस! मी आठवडाभर तेच तेच पान उघडून बसायचो. शेवटी तूच ती हातातून काढून घेतलीस. "सोडून द्या, मामाजी. पुस्तक वाईट नाही, तुम्हीही वाईट नाही. तुमचं दोघांचं जमलं नाही, एवढंच."

"लग्नासारखं काय?"

"लग्न असं परत करता येत नाही. पुस्तकाचं तेवढं बरं आहे!"

मग तू मुंग्यांवरचं पुस्तक आणलंस. जन्मभर ज्यांच्यावर पावडर टाकली, त्यांचं एवढं मोठं राज्य आहे हे मला तेव्हा कळलं. मग एका माणसाचं प्रवासवर्णन. छोट्याशा नावेतून तो एकटा समुद्रात निघतो. मी समुद्र कधी पाहिला नव्हता. पण त्याच्याजवळचं पिण्याचं पाणी संपत आलं, तेव्हा मीच घाबरून तुला हाक मारली, "वैशाली, पाणी आण वं!" तू तांब्या घेऊन आलीस आणि माझा चेहरा पाहून दारातच समजलीस.

आणि कविता! "मले नाही समजत" म्हटलं तर म्हणालीस, "समजून नका घेऊ. गच्चीवर जा आणि मोठ्यानं वाचा." मी वाचू लागलो. शेजारच्या वानखेडे काकू हात जोडून वर आल्या. "कोणती पोथी लावली, भाऊजी? समाप्ती कधी आहे?" किती हसलो होतो आपण त्या दिवशी!

एका बाईचं आत्मचरित्र आणलंस, तेव्हा मात्र आपलं चांगलंच वाजलं. घरातलं असं गावासमोर कशाला मांडायचं, हे माझं म्हणणं. तिनं नाही मांडायचं तर कोणी मांडायचं, हे तुझं. आपण जेवताना भांडायचो आणि प्रमोद ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसायचा. तू हरली नाहीस, मीही हरलो नाही. पण ते पुस्तक मी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं, हे तेव्हा तुला बोललो नव्हतो.

माझा तुझ्यावर एक राग आहे, बेटा. चांगली पुस्तकं मला हातात आणून दिलीस, पण ती शोधायची कशी हे कधी सांगितलं नाहीस. मला वाटायचं, झाडाला संत्री लागतात तशी तुझ्या पिशवीला पुस्तकं लागतात. हात घातला की चांगलंच निघायचं! त्यामागं तुझी केवढी खटपट होती, हे तू गेल्यावर कळलं.

कारण तू गेलीस आणि प्रमोद मुका झाला. बुटीबोरीहून, कामावरून घरी यायचा, हातपाय धुवायचा, टीव्ही लावायचा आणि आवाज बंद करून पाहत बसायचा. मी विचारायचो, "जेवला काय गा?"

"हो."

"भाजी कशी झाली होती?"

"चांगली."

त्या दिवशी भाजी नव्हतीच. पिठलं होतं.

मला दुसरं काय येत होतं? तू मला बाल्कनीतून उठवलं होतंस पुस्तकांनी. म्हटलं, त्यालाही उठवून पाहू. तुझ्या तेरवीला कोणीतरी आत्म्यावरचं पुस्तक दिलं होतं, ते त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं ते उचलून फ्रिजवर उपडं टाकलं. मग मी सीताबर्डीला पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, सध्या सगळे हेच नेऊन राहिले." यशस्वी कसं व्हावं, असलं काहीतरी होतं. प्रमोदनं दोन पानं वाचून माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, हा माणूस मला पहाटे उठायला सांगून राहिला. मी झोपतो कुठं?"

तेही पुस्तक मी फ्रिजवर नेऊन ठेवलं.

शेवटी महाल भागातल्या तुझ्या लायब्ररीत गेलो. तिथल्या बाईंना नाव सांगितलं तर त्या उभ्याच राहिल्या. "वैशालीताईंचे सासरे तुम्ही? मुंग्यांचं पुस्तक नेणारे?" म्हणजे तू तिथं माझ्याबद्दल बोलायचीस! मी विचारलं, "बाई, ती पुस्तक निवडायची कशी?" त्या म्हणाल्या, "कपाटापाशी उभं राहून कुठूनही मधूनच वाचायच्या. पाय दुखले की पुस्तक परत कपाटात. पाय दुखायचे विसरले, तर ते घरी."

माझे पाय तर दुखायचेच असतात! पण म्हटलं, करून पाहू. इतिहास काढला, पानभरात गुडघा बोलला. प्रवास काढला, गुडघा. विनोदी काढलं, मला एकदाही हसू आलं नाही, गुडघा. बाई खुर्ची घेऊन आल्या, मी नको म्हटलं. मग रहस्यकथांच्या कपाटातून एक फाटक्या पाठीचं पुस्तक हाती आलं. एका गावच्या पोस्टमास्तरचा खून झालेला आणि गावातले सगळे म्हणतात, आम्ही घरी झोपलो होतो. किती वेळ गेला कोण जाणे. बाईंनी येऊन सांगितलं, "काका, लायब्ररी बंद करायची आहे."

ते मी प्रमोदला दिलं नाही. आधी स्वतः वाचून संपवलं. मग रविवारी जेवताना, जशी गावची बातमी सांगावी तसं सांगू लागलो. "एका गावात पोस्टमास्तर मारला गा कोणी तरी. दार आतून बंद."

त्यानं घास खाल्ला. वाटी पुढं ओढत म्हणाला, "मग मारणारा गेला कुठून?"

"तेच तर! वाच ना."

दुपारभर तो दिवाणावर आडवा पडून वाचत होता. मी स्वयंपाकघरातून डोकावून पाहत होतो. मध्येच आला. "बाबा, खुनी तो कंपाउंडर आहे."

"नाही."

"मग कोण?"

"मी काहून सांगू? मले कोणी सांगितलं होतं काय?"

आणि तो हसला, वैशाली! मी चहाचं भांडं तसंच गॅसवर ठेवून त्याच्याकडे पाहत राहिलो. चहा उतू गेला.

चहा नव्यानं मांडला. दिवेलागणीपर्यंत त्याचं वाचून झालं. पुस्तक मिटून तो म्हणाला, "वैशालीनं अर्ध्यातच ओळखलं असतं." तुझं नाव त्याच्या तोंडून मी किती दिवसांनी ऐकलं! मग तो बोलतच राहिला. म्हणाला, "तुम्हाला वाटते, मला वाचायची आवड नव्हती. तसं नाही, बाबा. ती वाचायची आणि मला सगळं सांगायची. गाडीवर मागं बसून, भाजी निवडताना, कुठंही. समुद्रातला तो माणूस मला माहीत आहे. मुंग्या माहीत आहेत. ती असताना मी वेगळं कशाला वाचू?"

मी इतकी वर्षं त्याला आळशी म्हणत होतो. घरात दोघं वाचणारे आहेत असं समजत होतो. आपण तिघं होतो, बेटा.

त्यानंतर आम्ही दोघंही रडलो. तुझ्या सासूबाई गेल्या तेव्हा एकमेकांसमोर रडलो नव्हतो, तेही रडणं त्यात आलं असावं.

आणि काल त्यानं पुस्तक मागितलं. कसं मागितलं, ऐक. पायातले बूट काढता काढता म्हणाला, "बाबा, अजून एखादं आणा. पण या वेळी असं आणा, की ज्यात कोणी मरत नाही."

आज सकाळीच मी महालात जाऊन आलो. असं पुस्तक शोधणं किती कठीण आहे, सांगू काय? इतिहासात तर सगळेच गेलेले. चरित्राच्या शेवटी जावंच लागते. लहान मुलांच्या कपाटात पाहिलं, तर पहिल्याच पानावर राजाची राणी वारलेली! बाई म्हणाल्या, "काका, पाककृतींचं नेता काय?" मी तेही चाळलं.

शेवटी एक पातळशी कादंबरी आणली. तिच्यातही एक माणूस जातो, पण सुरुवातीलाच जातो. पुढं सगळी मागं राहिलेल्यांची गोष्ट आहे. ते भांडतात, घर रंगवतात, एकाचं लग्न जमता जमता राहतं. प्रमोदला आवडेल की तो परत करेल, माहीत नाही. परत केलं तर मी दुसरं आणीन.

एक मात्र कबूल करतो तुला. मी त्याला एकट्याला वाचू देणार नाही. जे तो वाचेल ते मीही वाचीन. रहस्य, कविता, मुंग्या, काही असो. तुझ्यासारखं रंगवून सांगणं मला जमायचं नाही, पण तो बोलायला लागला की मी ऐकेन. आणि कधी न बोलताच बसला, तर मी सांगायला सुरुवात करीन.

तुझेच,
मामाजी