सत्यवानकाकांचा तास

कारेगाव,
रविवार

प्रिय जेसिका,

फोनवरही सांगता आलं असतं, पण बंगळुरूहून बोलताना तू मध्येच ऑफिसच्या कामात शिरतेस आणि माझं निम्मं राहून जातं. म्हणून लिहायला बसले. निवांत वाच.

आमच्या आठवीच्या वर्गात एका कंपनीनं मोठा टीव्ही बसवून दिलाय. वर्षभर मी त्यावर किल्ल्यांचे व्हिडिओ दाखवले. पोरं बघायची आणि विसरायची. निम्म्या पोरांचे आईबाप इथल्या कारखान्यांसाठी बिहारातून आलेले, त्यांना तर इतिहास म्हणजे दुसऱ्याच्या घरातली गोष्ट. मग रेल्वेचा धडा आला आणि मला दौंडची आपली गल्ली आठवली, रेल्वेत इंजिनावर नोकरी केलेले तुझे पप्पा, आपले सत्यवानकाका आठवले. दयाकाकू गेल्यापासून काका तुझ्याशीसुद्धा फोनवर 'हं' आणि 'बरं' एवढंच बोलतात, हे तू मला रडत सांगितलं होतंस. तरी मी विचारलं, "काका, व्हिडिओ कॉलवर माझ्या वर्गाला वाफेच्या इंजिनाबद्दल सांगाल का?" ते म्हणाले, "बघू."

मग एका शुक्रवारी मी फोन टीव्हीला जोडला, तर पडद्यावर नुसतं कपाळ. पोरं म्हणाली, "बाबा, फोन जरा लांब धरा." काका गोंधळले आणि हसले. खरंच हसले, जेसिका. मग छत्रीचं फावडं करून त्यांनी कोळसा कसा टाकायचा ते दाखवलं, बाही वर सारून भाजल्याचा डाग दाखवला. ऋतिका नावाच्या मुलीनं विचारलं, "बाबा, तुमची शिफ्ट किती तासांची होती?" तिचा बाप रांजणगावच्या कारखान्यात बारा तास उभा असतो, म्हणून तिला ते विचारावंसं वाटलं.

काकांनी छत्री बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आमच्या तासांना शेवटच नसायचा पोरी. म्हणून तर आम्ही संप केला." आणि चौऱ्याहत्तर सालचा रेल्वेचा संप सांगायला लागले. तेव्हा ते नवे फायरमन होते, लग्न नुकतंच झालेलं. पोलिसांनी त्यांना उचलून येरवड्याला ठेवलं होतं. हे तुला ठाऊक होतं का? मला नव्हतं. काकू डबा घेऊन भेटायला निघाल्या तर गाड्या बंद, कारण संप आपल्याच माणसांचा. त्या कांद्याच्या ट्रकमधून पुण्याला आल्या. "डब्यातल्या भाकरीलासुद्धा कांद्याचा वास," काका म्हणाले. पोरं खळखळून हसली. काकांनी मात्र चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले.

त्यानंतर दर शुक्रवारी हा तास ठरूनच गेला. पुढं ऋतिकानं तिच्या गावाकडच्या आजोबांना पडद्यावर आणलं. ते हिंदीत पुराच्या गोष्टी सांगत होते आणि ती मराठीत उलगडून सांगत होती. आता घरोघरची म्हातारी माणसं वर्गात येतात. एरवी मागच्या बाकावर गुमान बसणारी पोरं प्रश्न विचारतात. माझंही मन पुन्हा शिकवण्यात रमलंय.

परवा काका स्वतःच आले. शिरूरला एसटी बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून. पोरांनी त्यांना जेवूसुद्धा दिलं नाही, इतकं विचारत होती. परत निघाले तेव्हा मी स्टँडवर सोडायला गेले. तिथं बाकावर बसून म्हणाले, "गौतमी, पुढच्या वर्षी दुसरं कुणी बघ. जेसिकानं मे महिन्यातलं बंगळुरूचं तिकीट काढलंय. घर सोडायचं म्हणती." तुम्हाला जायचंय का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "माझं काय. पोरीला घोर नको."

जेसिका, त्यांनी मला लिहायला सांगितलेलं नाही. कळलं तर रागावतील. त्यांना तिथं नेण्यामागची तुझी काळजी मला कळते, आणि ते एकटे राहतात हेही खरंच आहे. शेजारचा ब्लेसन रोज डोकावून जातो, मी रविवारी चक्कर मारते, पण लेकीची जागा आम्ही घेऊ शकत नाही. फक्त घर सोडायचं पक्कं करण्याआधी त्यांना एकदा विचार, त्यांना कुठं राहायचंय. ते म्हणतील, "तू म्हणशील तसं." तेवढ्यावर फोन ठेवू नकोस. पुन्हा विचार.

तुझीच,
गौतमी