मंगळावरून आलेला 'येतो'

भोईवाडा, परळ, मुंबई १२
ता. १६ फेब्रुवारी १९५८

चि. दौलतभावजी यांस,

वहिनीचा सप्रेम जयभीम. इकडे आम्ही सगळी बरी आहोत. तुम्हीही भिलईला बरे असाल असं मी धरून चालते, कारण तुमच्या कार्डावर 'मी खुशाल आहे' याच्या पुढे एक अक्षर नसतं. एवढा मोठा पोलादाचा कारखाना उभा राहतोय म्हणतात, तिथे शब्दांचीच टंचाई कशी काय पडली? आईंचे गुडघे जिना उतरताना कुरकुरतात, पण जिना चढून कोण आलं हे बघायला जाताना अजिबात कुरकुरत नाहीत. तुमच्या दादांचा खोकला कमी आहे आणि भाषणं जास्त आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेले की घसा बसवून येतात आणि दुसऱ्या दिवशी घरात खुणांनी चहा मागतात. ते दिवस मला फार सुखाचे जातात.

आता मूळ गोष्ट सांगते. आपल्या मजल्यावरच्या शामरावांनी (पोस्टातले, तुम्हाला इंग्रजी अर्ज लिहून द्यायचे तेच) रेडिओ घेतला. त्यावर त्यांच्या लेकीने, कांताने, विणलेला रुमाल असतो. रुमाल उचलायचा मान शामरावांचा आणि कान पिळायचा मान कांताचा. रशियाने ती कुत्री आकाशात सोडली तेव्हापासून चाळीत ज्याला त्याला तारे-ग्रह कळायला लागलेत. (आईंनी तेव्हा एकच विचारलं होतं, 'ती परत कधी येनार?' सगळ्यांना एकदम आपापली कामं आठवली.) तशात रेडिओवर मंगळाचं नाटक लागलं, तीन भागांचं, तीन शनिवार. डॉक्टर भास्कर नावाचा आपला मराठी शास्त्रज्ञ यानात बसून मंगळावर जातो. पहिल्या भागात निघतो, दुसऱ्या भागात पोचतो, आणि तिसऱ्या भागात काय होतं यावरून आपली चाळ सध्या दुभंगली आहे. ते सविस्तर लिहिते, कारण तुम्ही लिहीत नाही तर कागद कुणीतरी भरायलाच हवा.

मंगळावर शुद्ध मराठी बोलतात, हे आम्हाला दुसऱ्या भागात कळलं. तिथला राजा बोलायला लागला तो थेट पुण्याचाच वाटला. त्यावर कुशाबांनी (बॉयलर खात्यातले, लाल बावटेवाले) तिथल्या तिथे ठराव मांडला की, ज्या अर्थी मंगळावरची जनता मराठी बोलते, त्या अर्थी मुंबई, बेळगाव, कारवार आणि मंगळासह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. घोषणा इतक्या जोरात झाली की यानात कसला बिघाड झाला ते कुणालाच ऐकू आलं नाही. पुढचा आठवडाभर मी त्या बिघाडाची चौकशी करत हिंडले. (तुम्हाला माझी खोड ठाऊक आहे. एखादी गोष्ट अर्धी कळली की मला भाकरी गोड लागत नाही.) एकजण म्हणाला हवा संपत आली, दुसरा म्हणाला तेल संपत आलं. तुमचे दादा म्हणाले, मालकाने यान स्वस्तातलं घेतलं असणार.

मग आला तिसरा भाग. शामरावांच्या खोलीत उभं राहायला जागा नव्हती. आईंना मात्र कांताने रेडिओच्या अगदी पुढ्यात पाट मांडून दिला होता. पहिल्या दिवशी त्या 'तो डबा काय बोलतो' म्हणून नाक मुरडत आल्या होत्या, पण त्या भास्करलाही आई आहे आणि ती खाली पृथ्वीवर वायरलेसपाशी बसून आहे, हे कळलं तेव्हापासून त्यांचा पाट कुणी हलवू शकलं नाही. तर शेवट असा. यानात मोठी गडबड, खडखड, शिट्ट्या. भास्कर वायरलेसवर आईला बोलावतो. ती 'बाळ, बाळ' करते. आणि तो सगळं सोडून दोनच शब्द बोलतो, 'आई, येतो.' मग खरखर. मग एक सतार. आणि आम्ही सगळे तोंडं उघडी टाकून बसलो असताना एक बाई थंडपणे बातम्या द्यायला लागल्या.

आता तुम्हीच सांगा, तो आला की गेला?

शामराव म्हणाले, हा काय प्रश्न झाला? येतो म्हणाला म्हणजे आला. तुमचे दादा म्हणाले, शामराव, तुम्ही पोस्टात रोज निघताना बायकोला काय म्हणता? येतो. म्हणजे तुम्ही येत असता की जात असता? आपल्यात जाणारा माणूसच येतो म्हणतो, येणारा काही न बोलता चपला काढतो. कुशाबांनी मग स्वतःचा दाखला दिला. त्यांची बायको माहेरी निघताना दारात उभी राहून चांगली स्वच्छ 'येते' म्हणाली होती, आणि ती अजून येतेच आहे. (यावर हसावं की नाही हे कुणाला कळेना. शेवटी कुशाबाच हसले, तेव्हा आम्ही सुटलो.) मग कोपऱ्यावरच्या वाण्याचा विषय निघाला. तो गुजराती, गिऱ्हाईक निघालं की 'आवजो' म्हणतो, म्हणजे यावे. तेव्हा या द्विभाषिक राज्यात दोन्ही भाषांचं निदान एका गोष्टीवर एकमत आहे, की जाणाऱ्याला जा म्हणायचं नाही. दादांना ते मान्य झालं, पण द्विभाषिकाच्या बाजूचं काही आपण मान्य केलं याचं त्यांना रात्रभर वाईट वाटत होतं.

त्या वाईट वाटण्यातून एक नवंच लचांड निघालं. सोमवारी सकाळी उठून तुमच्या दादांनी जाहीर केलं की, आपण दीक्षा घेतली, अंगारे-धुपारे सोडले, मांजर आडवं गेलं तरी थांबत नाही, मग हे 'येतो'चं खूळ कशाला? जायचं तर जातो म्हणावं. आणि डबा घेऊन उंबऱ्यात उभं राहून ते खरोखरच म्हणाले, 'आई, जातो.' आई दारात आडव्या बसल्या. दादांनी धम्मात असं कुठे सांगितलंय म्हणून विचारलं. विचार, विवेक, विज्ञान, सगळं काढलं. तिकडे गिरणीचा भोंगा झाला, तरी आई हलेनात. शेवटी दादा भिंतीकडे तोंड करून 'येतो' असं काहीतरी पुटपुटले, आणि आईंनी पाय आवरून वाट दिली. बिचाऱ्यांचा अर्धाच दिवस भरला. संध्याकाळी मला म्हणाले, विज्ञान बरोबर आहे, पण आई उंबऱ्यात बसली की त्याचा काही इलाज नाही.

मंगळाच्या बाबतीत आईंचं मत पहिल्यापासून पक्कं आहे. 'येतो म्हनला न्हवं? मग येनार.' दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्यांनी तुमची गोधडी गॅलरीत उन्हात टाकलेली. मी विचारलं, आज कशी काय? तर म्हणाल्या, दमट झाली होती. ट्रंकेतली गोधडी दमट कशी होते ते मी विचारलं नाही. तुम्ही जिन्याच्या तोंडाशी ट्रंक खांद्यावर घेऊन 'आई, येतो' म्हणाला होतात, ते त्या मला पूर्वी अधूनमधून सांगायच्या. आता रोज सांगतात. मला फार भीती वाटायला लागली, भावजी. नाटकातला माणूस मेला तर कुणी रडत बसत नाही, पण हा मेला असता तर आपल्या घरात कुणाला काय झालं असतं, ते मला बघायचं नव्हतं. आणि तरी माझी ती खोड. मला खरं काय ते कळायलाच हवं होतं.

भास्करचं काम करणारा नट गिरगावात राहतो, असं कांताला तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडून कळलं. आम्ही दोघी कांताचं पुस्तक आणायच्या निमित्ताने ट्रॅममध्ये बसलो. (आईंनी एकदाच विचारलं, पुस्तकाला दोघी कशाला? मी म्हटलं, जड आहे.) वाटेत कांता त्याचा चेहरा कसा असेल त्याचंच वर्णन करत होती. उंच, रुंद कपाळ, डोळ्यांत मंगळ. दार उघडलं ते मफलर गुंडाळलेल्या एका बारक्या माणसाने. त्याच्या हातात भाजीची पिशवी होती. कांताने विचारलं, 'भास्कर आहेत का?' आणि तो त्या मोठ्या, खोल आवाजात म्हणाला, 'मीच.' कांता मागे वळून जिना बघायला लागली. त्याचं नाव मनमोहन. दिवसा होमिओपॅथीच्या दवाखान्यात पुड्या बांधतो.

त्याच्या आईने आम्हाला आत बसवलं. आम्ही परळहून आलो म्हटल्यावर ती आता आडनाव विचारेल म्हणून मी वाट बघत होते. तिने चहात साखर किती ते विचारलं. चहा पिऊन झाल्यावर कपबशाही तिनेच उचलल्या, हे तुम्हाला मुद्दाम कळवते. वर अभिमानाने सांगितलं, 'माझा मनू मंगळावरून परत आला हो! मला तर धडधडतच होतं.' मनमोहन चुळबुळ करायला लागला आणि भाजी बघायच्या निमित्ताने आम्हाला गॅलरीत घेऊन गेला. तिथे त्याने हळू आवाजात (तो हळू बोलला तरी समोरच्या चाळीतला माणूस वळून बघतो) जे सांगितलं ते असं. लेखकाने लिहिलं होतं, 'आई, जातो.' भास्कर परत येतच नाही. यानातली हवा संपते आणि तो तिथेच राहतो, हाच नाटकाचा शेवट. तालमीत मनमोहनने रोज 'जातो' म्हटलं, कुणाला काही वाटलं नाही. पण त्या शनिवारी सगळं थेट हवेवर. तो माईकपुढे उभा राहिला आणि त्याला आठवलं की, घरी आई रेडिओला कान लावून बसलेय. आणि जीभ वळेना. 'मी काय करू हो,' तो म्हणाला, 'ती ऐकत होती. तिच्यादेखत जातो कसं म्हणायचं?' लेखक बाहेर डोकं धरून बसले, त्याच्याशी बोलेनात. मग गावोगावहून पत्रं आली की, काय खोल शेवट केलात, एका शब्दात दोन अर्थ! तेव्हापासून लेखक सांगत फिरतात, तो शब्द मी फार विचार करून घातला.

आम्ही दोघी तडक ट्रॅम धरून घरी आलो. पुस्तक घ्यायचं राहिलं ते राहिलंच.

चाळीत अजून वाद चालू आहे. मी काहीच बोलत नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की मी आजारी आहे. बाकी विशेष काही नाही. पोटाला सांभाळा, भट्टीपाशी जपून राहा आणि उघड्यावरचं पाणी पिऊ नका.

तुमची,
कौसल्यावहिनी

ता. क. शामराव विचारतात, भिलईला मुंबईचा रेडिओ ऐकू येतो का? येत असला तर तुम्ही काय ऐकलंत ते कळवावं. म्हणजे वाद मिटेल. (कळवू नका. इथे सध्या वाद आहे तोच बरा.)

ता. क. दुसरा. एवढं मोठं पत्र लिहिलं ते मंगळासाठी नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. तुमच्याबरोबरचा दादरचा मुलगा सुट्टीवर आला होता, तो म्हणाला की, दौलत तिकडेच कायमचं राहायचं बघतोय, क्वार्टर मागितलंय. राहा, तुमचा संसार, तुमचं नशीब. मला एवढंच हवंय की, जिन्यावर तुम्ही 'येतो' म्हणालात ते यायचं म्हणून, की आई ऐकत होती म्हणून? उत्तर कार्डावर लिहू नका, कार्ड आईंना मलाच वाचून दाखवावं लागतं आणि मला खोटं वाचता येत नाही. जयंतीला या आणि तोंडाने सांगा. मग हवं तर परत जा.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होते तर आई शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, 'त्यो गिरगावातला काय म्हनला गं?' पुस्तक जड नव्हतं हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी सगळं सांगितलं, 'जातो'सकट. त्या म्हणाल्या, 'कागदावर काय बी लिवलेलं असू दे. आई ऐकतीय म्हनल्यावर जीभ वळली न्हाय ना त्याची? मग झालं तर.' आणि उठता उठता म्हणाल्या, 'दौलतला लिव, मी ऐकतीय.'