व्हायरसचं फायनल होऊ दे

४ नोव्हेंबर
लेक मेघा बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आली. मी आजोबा झालो! पण बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, सहा महिन्यांपर्यंत बाळाला फ्लूची लस देता येत नाही, म्हणून घरातल्यांनी घ्यावी. लेकीनं फर्मान काढलं: लस नाही, तर बाळ मांडीवर नाही. माझ्याच घरात! उद्याच घेतो. विषय संपला.

५ नोव्हेंबर
घेतली नाही. आधी अभ्यास. व्हायरस सारखा रूप बदलतो, म्हणून लसही दरवर्षी नवी काढतात. म्हणजे अजून काहीच पक्कं नाही. एसटीत कंट्रोलर होतो मी. टाइमटेबल फायनल झाल्याशिवाय गाडी सोडली नाही. व्हायरसचं एकदा फायनल होऊ दे, मग एकदाच घेईन.

८ नोव्हेंबर
बायको करुणा टोचून आली. मीही गेलो होतो. सिस्टरनं सुई काढली आणि आठवलं, स्कूटर नो पार्किंगमध्ये आहे. घरी करुणाला व्हेरिएंट समजावून सांगितले. म्हणाली, "व्हय, बसा तुम्ही व्हायरस फायनल व्हायची वाट बघत." दिवसभर नात तिच्याच मांडीवर.

१० नोव्हेंबर
मेघाचं म्हणणं, व्हायरस थोडा बदलला तरी लस वाया जात नाही, आजार अंगावर फार येत नाही. अर्धवट कामं मला चालत नाहीत. नामकरण तेवीस तारखेला, माइकवरून नाव मी जाहीर करणार. लसीला जोर धरायला दोन आठवडे लागतात म्हणे. आज घेतली तरी उशीरच होणार. मग घाई कशाला?

१६ नोव्हेंबर
फर्दापूरहून व्याही पुंडलिकराव आले. चहाचं हॉटेल आहे त्यांचं. व्हेरिएंटबद्दल मत विचारलं. म्हणाले, "ते मला काय ठावं नाय. सूनबाईनं मागंच सांगितलं, टोचून घेतलं." नात त्यांच्या खांद्यावर झोपली. अभ्यास नसला की माणूस किती सुखी असतो!

२१ नोव्हेंबर
घसा खवखवतोय. हवामान.

२३ नोव्हेंबर, दुपारी
ताप. गच्चीवरच्या खोलीत रवानगी. खाली भंतेजींची वंदना झाली. नाव पुंडलिकरावांनी जाहीर केलं. टाळ्या ऐकू आल्या, नाव नाही. ते नंतर करुणानं जिन्यातून ओरडून सांगितलं: सायली. रडू आलं. तापामुळे नव्हे.

५ डिसेंबर
बरा झालो. डॉक्टर म्हणाले, यंदा पसरलाय तो व्हायरस लसीत आहे तोच, नवीन काहीच नाही. अजूनही लस घ्या, दोन आठवड्यांनी नात मांडीवर. करुणाला सोबत घेऊन गेलो. बेधडक बाही वर केली. डोळे मिटले ते एकाग्रतेसाठी. सिस्टर म्हणाली, "काका, ओरडू नका. आत्ता फक्त कापूस लावलाय."