राजवाड्यातली झोपडी

शनिवार, संध्याकाळ. वुडलँड्स.

उद्या चर्चच्या वर्गात माझ्या मुलीला, रियाला, मध्ययुगातल्या पोपांवर बोलायचंय. दुपारभर मला ऐकवत होती. एक म्हातारा संन्यासी. त्याला डोंगरातून उचलून पोप केलं. त्याने राजवाड्यातच लाकडाची झोपडी बांधून घेतली, तिच्यात जाऊन बसायचा. काही महिन्यांत राजीनामा दिला, तर पुढच्या पोपने त्याला किल्ल्यात कोंडलं. डोंगरात परत जाऊच दिलं नाही. तिथेच मेला.

ती झोपडी डोक्यातून जात नाही.

मला जहाजाच्या इंजिनरूममधून उचलून ऑफिसात बसवलं, त्याला चार वर्षं झाली. राजीनामा फोनमध्ये लिहून ठेवलाय. पाठवला तर इथे काम करायचा पास जाणार, महिन्याभरात देश सोडायचा, रियाची शाळा अर्धवट. मग? रोज त्यातला एखादा शब्द बदलतो, झालं.

आजही तेच करत होतो, फ्लॅटमधल्या बॉम्ब शेल्टरमध्ये, म्हणजे इथे घरोघरी असते त्या जाड भिंतींच्या कोठडीत, तांदळाच्या पोत्यावर बसून. रियाने लोखंडी दार ढकललं. मला बघून हसली.

"बाबा, यू ऑल्सो गॉट हट, लाह."

इथल्या शाळेतलं तिचं इंग्रजी. माझीही झोपडी आहे म्हणे.

जाताना तिने दार नीट ओढून घेतलं. मला तसं आवडतं, हे तिला माहीत आहे.