लिलावातला कोंबडा

रविवार, संध्याकाळ. जामखेड

आज चर्चच्या हंगामाच्या सणात मी चक्क कोंबडा पळवला!

लोकांनी देवाला आणलेली ज्वारी, भोपळे, अंडी यांचा लिलाव चालला होता. मीही बोली लावली, कोंबडा मिळाला, आणि खुशीत खोलीवर आणून खाटेच्या पायाला बांधला. घेतलेलं पुन्हा देवाला द्यायचं असतं, मग त्याचा पुन्हा लिलाव होतो, हे नेपाळहून इथे सेवेला आलेल्या मला कुठून कळणार?

थोड्या वेळाने, ज्यांनी हा कोंबडा देवाला दिला होता त्या मार्थाबाई दारात. "ताई, कापला तर न्हाई ना?"

इतकी लाज वाटली! कोंबडा काखेत घेऊन पळत चर्चमध्ये गेले, तर सगळी मंडळी हसत माझीच वाट बघत होती. मग दुपारभर तो बिचारा या हातातून त्या हातात. शेवटची बोली मार्थाबाईंचीच. पण त्यांनी तो परत लिलावाला दिला नाही, माझ्याकडेच दिला. "ऱ्हाऊ द्या. आता तुमचं घर हाय हितं."

कोंबडा पुन्हा खाटेला बांधलाय. पहाटे आईचा फोन येतो. नेपाळच्या आमच्या अंगणातल्यासारखं आरवणं ऐकून ती नक्की थट्टेने विचारणार, "घरी आलीस का गं?"

काय सांगू? हो म्हणेन.